मटण खाणाऱ्या घरानं सात कोर्सचं सी-फूड डिनर कसं खावं

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लग्नाला ३० वर्षं होतायत म्हणून मुलगा-सुनेनं डिसेंबरात दक्षिण गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये सात कोर्सचं सी-फूड डिनर ठरवलंय. घर पक्कं मटणाचं. मासा म्हणजे रव्यात घोळवून तळलेली सुरमई, नाहीतर सुकटाची चटणी. बरोबर ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना शुगर आहे. ताईंच्या शंका अशा: एवढ्याशा ताटल्यांनी पोट भरेल का, कच्चं पुढ्यात आलं तर काय करायचं, काटे-चमचे कसे धरायचे, दारू घ्यावीच लागते का, आणि मुलाचे एवढे पैसे वाया तर जाणार नाहीत ना.

मी खानापूर तालुक्यातला. गोव्याच्या हॉटेलांत मासे साफ करण्यापासून सुरुवात केली, पुढं किचन सोडून रेस्टॉरंट सांभाळलं, आणि आता बेळगावात हॉटेल लाईनमध्ये जाणाऱ्या पोरांना शिकवतो. चोरला किंवा आंबोली घाट उतरून आलेली आपल्याकडची कितीतरी कुटुंबं मी अशा टेबलांवर बसवली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, पोट भरेल. सात कोर्स संपेस्तोवर अडीच-तीन तास जातात. थोडं थोडं खात तीन तास बसलेल्या माणसाला शेवटचं गोड खाववत नाही, असंच मी नेहमी बघत आलोय. पोट भरत नाही ते दोन प्रकारच्या लोकांचं. एक, जे पहिल्याच दहा मिनिटांत पाव आणि बटर संपवतात आणि मग कंटाळतात. दुसरे, ज्यांना भात मिळाला नाही की जेवल्यासारखं वाटत नाही. पाव हवा तर अर्धा खावा. भाताचं आधीच सांगून ठेवता येतं, ते पुढं येईलच.

आपलं ताट एकदम वाढतात. मीठ वर, लिंबू शेजारी, डावीकडं चटणी-कोशिंबीर, उजवीकडं भाजी-आमटी, आणि कुठला घास कशाला लावायचा ते खाणारा ठरवतो. कोर्सच्या जेवणात तेच ताट वेळेवर पसरलेलं असतं. युरोपातही पूर्वी मेजवानीला सगळं एकदम मांडत. एकामागून एक आणायची रशियन पद्धत १९ व्या शतकात पॅरिसमार्गे रुळली. या पद्धतीत कोशिंबिरीचं काम करणारा पदार्थ वेगळा येतो, सोलकढीचं काम करणारा वेगळा येतो, आणि त्यांचा क्रम स्वयंपाक्यानं ठरवलेला असतो. हलकं आधी, जड नंतर. थंड आधी, गरम नंतर. पांढरं मांस आधी, तेलकट नंतर. एवढं ध्यानात असलं की पुढ्यात काय आलंय हे नावावरून कळलं नाही तरी ते का आलंय हे कळतं.

आता तारखेचं. डिसेंबर निवडला हे फार चांगलं झालं. गोवा आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात मोठ्या हॉटेलात जे मिळतं ते बहुतेक बर्फातलं. डिसेंबरात समुद्र शांत असतो आणि बाजारात मासळीची रेलचेल असते. पण ताई, कॅलेंडर बघितलं का? डिसेंबरचा बराचसा भाग मार्गशीर्षात जातो. सासूबाई महालक्ष्मीचे गुरुवार धरत असतील, किंवा घरात महिनाभर वशाट बंद असेल, तर मुलाला आजच सांगा. टेबलावर बसल्यावर "आज माझा वार आहे" असं निघालं की सगळ्यांचाच घास अडतो. २४ ते ३१ डिसेंबर हा आठवडाही टाळा. त्या दिवसांत बहुतेक रिसॉर्टात ठराविक मेनू, वाढीव दर आणि मोठ्यानं लावलेलं संगीत असतं. किचनवर इतका ताण असतो की कुणाला काय चालत नाही हे लक्षात ठेवायला माणूस उरत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा निम्मा आनंद त्या रात्री ठरत नाही. तो चार दिवस आधी मुलगा फोनवर काय बोलतो यावर ठरतो. अशा जेवणाचं किचन आदल्या दिवसापासून मोजून तयारी करतं. त्यांना आधी कळलं तर ते आनंदानं बदल करतात. ऐनवेळी कळलं तर फक्त काढून टाकतात, आणि तुमच्यापुढं अर्धी ताटली येते. मुलानं रिसेप्शनशी न बोलता रेस्टॉरंटच्या मॅनेजरशी बोलावं आणि साध्या भाषेत सांगावं: आम्ही घाटावरचे, मटणवाले, आई-वडिलांची ही पहिलीच वेळ, आजीला शुगर आहे, तिला कच्चं काही नको, शेवटच्या माशाबरोबर वाटीभर भात आणि गोव्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, मिळालं तर बरं होईल. यात कमीपणा काहीही नाही. चांगल्या शेफला अशी माहिती मिळाली की त्याचा हुरूप वाढतो, हे मी आतून बघितलंय.

त्याच फोनवर विचारावं, मासा कुठला? मेनूत सॅमन, 'चिलियन सी बास', स्कॅलप दिसले तर ते बहुधा परदेशातून गोठवून आलेले असतात. चवीला वाईट नसतात, पण त्यासाठी समुद्रापर्यंत जायची गरज नाही. बासा तर समुद्रातला मासाच नव्हे, तो गोड्या पाण्यात पाळतात. त्याऐवजी चोणक, तांबोसा, सुरमई (गोव्यात इसवण म्हणतील), मुडदुशे, माणकी (म्हणजे स्क्विड), कुर्ल्या, तिसऱ्या यातलं त्या दिवशी काय येईल ते विचारा आणि त्यावर मेनू बेतायला सांगा. लॉबस्टर असेल तर आणखी एक खूण सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला मोठे आकडे नसतात, लांब काटेरी मिशा असतात. ताटलीत जाडजूड आकडे दिसले तर तो परदेशी. आणि शेवंड सात कोर्सच्या दरात नसेल, वर वेगळी घ्यायची असेल, तर वजन आणि दर आधी विचारा. 'मार्केट रेट' एवढंच छापलेलं असतं तिथं बिलात धक्का बसतो.

जायच्या आधी घरी एक तालीम करा. मी ही गोष्ट प्रत्येकाला सांगतो. बेळगावला येणं झालं तर कॅम्पातल्या मासळी बाजारात सकाळी लवकर जा, किंवा कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिथून आणा. सुरमईचे दोन तुकडे घ्या. कल्ले लाल, डोळा स्वच्छ आणि फुगीर, बोटानं दाबलं तर मांस परत वर येणारं. तुकड्याला फक्त मीठ आणि थोडी मिरपूड लावा. तवा चांगला तापवून, थोड्या तेलावर, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं परता. रवा नको, आलं-लसूण नको, संकेश्वरी मिरची तर नकोच. मग खाऊन बघा. पहिल्या घासाला फिक्कं वाटेल. तिसऱ्या घासाला गोडसर लागायला लागेल. रिसॉर्टमध्ये तुम्हाला जे देणार आहेत त्यातलं निम्मं याच चवीवर उभं आहे, आणि ती आधी एकदा जिभेवर येऊन गेली की त्या रात्री अनोळखी वाटत नाही.

आपण मासा इतका मसाल्यात का घालतो, याला कारण आहे. घाटमाथ्यावर समुद्र पूर्वापार सुकूनच चढला: बाजारच्या दिवशीचे सुके बांगडे, सुकट, जवळा. ताजा म्हणून जो येतो तो बर्फात रात्र काढून येतो. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाईन ऑक्साईड नावाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाईन करत जातात, आणि ज्याला आपण माशाचा वास म्हणतो तो हाच. चिंच, कोकम, लिंबू यांतलं आम्ल त्या वासाला बांधून ठेवतं. म्हणजे आपल्या आयांचा मसाला अगदी शास्त्राला धरून होता. पण सकाळी पकडलेल्या माशात तो वास तयारच झालेला नसतो, त्यामुळं झाकायचं काही उरत नाही. म्हणून तिथं ताटलीत लिंबाची फोड दिसली तरी आधी एक घास तसाच खा, मग पिळा. कांदा मागू नका, आणि मागावासा वाटला तरी दुसऱ्या कोर्सनंतर मागा. त्याचा उग्रपणा जिभेवर पाऊण तास राहतो आणि पुढच्या दोन ताटल्या त्यात बुडतात.

दुसरा फरक शिजण्याचा, आणि मटणवाल्या घरात गोंधळ होतो तो इथंच. बोकडाला चार पायांवर वजन पेलून डोंगर चढायचा असतो. त्याच्या मांसात कोलॅजनचे चिवट धागे भरपूर, ते मऊ पडायला तास लागतो. म्हणून "चांगलं शिजवा" हे आपल्याकडं पाहुण्याचं कौतुक असतं. मासा पाण्यात तरंगतो. त्याच्यात ते धागे थोडे आणि हलक्या उष्णतेला विरघळणारे. साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला त्याचं मांस पांढरं होऊन पाकळ्या सुटायला लागतात. ६५ च्या पुढं पाणी निघून जातं आणि तो चोथा होतो. चांगल्या किचनमधला मासा काट्यानं हलका दाबला की पाकळ्या-पाकळ्यांनी उघडतो आणि मध्यभागी किंचित पारदर्शक, ओलसर दिसतो. तो कच्चा राहिलेला नसतो. दाजींना बघून कसंतरी वाटलं तर परत पाठवण्याआधी एक घास खाऊन बघायला सांगा. सासूबाईंचा मात्र पूर्ण शिजवून द्या असं आधीच सांगा. ६३ अंशांपर्यंत आतून शिजवणं ही वयस्कर माणसांसाठी सुरक्षित रेषा मानतात, आणि तेवढ्यावर मासा अजून रसाळ असतो.

माणकीचं गणित वेगळं. ती एक तर दीड-दोन मिनिटांत उतरवायची, नाहीतर पाऊण तास शिजवायची. मधल्या वेळेत ती रबर होते. तुमच्या ताटलीतली चिवट लागली तर तुमच्या दातांचा दोष नाही, किचनचा आहे. कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुख्याला, सरळ सांगा.

आता कोर्स एकेक.

सुरुवातीला तुम्ही न मागितलेलं एका घासाचं काहीतरी येईल. त्याला अम्यूज-बूश म्हणतात, शेफचा नमस्कार म्हणून ते येतं आणि सहसा सात कोर्समध्ये मोजत नाहीत. हातानं उचलून एका घासात खावं.

मग थंड ताटली येते, आणि तुमची कच्च्याची भीती इथली. मी यात अगदी स्पष्ट आहे. कालवं, म्हणजे ऑयस्टर, दिवसभर पाणी गाळून त्यातलं खातात. पाण्यात जे जंतू असतील ते त्यांच्या अंगात साठतात, त्यात व्हिब्रिओही आले आणि हेपॅटायटिस एही. तरुण, धडधाकट माणूस बहुतेक वेळा निभावून नेतो. शुगर असलेल्या, यकृताचा त्रास असलेल्या, गरोदर किंवा म्हाताऱ्या माणसानं कच्चं कालव खाऊच नये, हॉटेल कितीही मोठं असो. तीच कालवं भाजून किंवा बटर-लसणात उकळती गरम करून मागवता येतात, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला ती जास्त आवडतात. दुसरा पदार्थ सेविचे. लिंबाच्या रसात मुरवलेला मासा. आम्लानं मांस पांढरं पडतं म्हणून तो शिजलेला दिसतो, पण लिंबू जंतू मारत नाही. कच्च्या माशातले कृमी मारायला तो उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो, आणि गोठवूनही जिवाणू मरत नाहीत. "हा मासा आधी गोठवला होता का?" हा प्रश्न कॅप्टनला विचारा, त्याला उत्तर माहीत असेल तर तुम्ही आणि दाजी घासभर जरूर चाखा. उत्तर देताना तो चाचरला तर ताटली तशीच राहू द्या.

सूप बहुधा बिस्क असेल. कोळंबी किंवा कुर्लीची कवचं भाजून, बटरमध्ये परतून, तासभर उकळून, गाळून त्यात क्रीम घालतात. कवच तापलं की लाल होतं ते त्यातल्या अॅस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळं. जिवंतपणी ते एका प्रथिनाला बांधलेलं असतं म्हणून कोळंबी करडी-निळसर दिसते. उष्णतेनं ती गाठ सुटते. तो रंग आणि सुगंध दोन्ही बटरमध्ये उतरतात. मला स्वतःला पूर्ण जेवणात बिस्क सगळ्यात कसदार वाटतं, कारण शेफ चांगला की नुसता सजावटवाला हे त्यात लपत नाही. हळूहळू प्या. वाटी संपवायचा आग्रह नको, क्रीम जड पडतं आणि अजून चार कोर्स आहेत.

त्यानंतर कवचवाली मंडळी: कोळंबी, कुर्ली, शिणाणे (म्हणजे मसल्स), तिसऱ्या. इथं एक गंभीर सूचना. तुमच्या घरात कुणी आजवर कोळंबी किंवा कुर्ली खाल्लीच नसेल, तर पहिला घास रात्री नऊ वाजता अनोळखी गावात घेऊ नका. कवचवाल्यांची अॅलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळं होते आणि शिजवल्यानं ती जात नाही. जायच्या आधी दोन-तीन आठवडे घरी, दिवसा, दवाखाना उघडा असताना एखादी शिजलेली कोळंबी खाऊन बघा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला, तर लगेच डॉक्टर, आणि त्या रात्रीसाठी हॉटेलला आधीच कळवा. पूर्वी कधी असा त्रास झालेला असेल तर ही तालीमही करू नका, थेट डॉक्टरांना विचारा. तिसऱ्या आणि शिणाणे शिजल्यावर उघडतात. मिटलेला राहिला तो सोडून द्या.

कुर्ली हातानं खावी. काट्यानं कुर्ली खाणारा माणूस मला अजून भेटायचाय. फोडायला अडकित्त्यासारखा चिमटा देतात, मांस काढायला लांब बारीक सळई देतात. शेवटी कोमट पाण्याच्या वाटीत लिंबाची चकती घालून आणतात, ती बोटं बुडवायला. प्यायला नव्हे, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही.

मध्येच छोट्या वाटीत आंबट-गोड बर्फासारखं काही आलं तर जेवण संपलं असं समजू नका. ते सॉर्बे, तोंड धुवून काढायला. गोव्यात ते कोकमाचं देतात तेव्हा आपल्या जिभेला ओळखीचं लागतं.

मग मुख्य मासा. चोणक किंवा तांबोसा असेल तर बहुतेक कातडीसकट येईल. ती कातडी कुरकुरीत परतलेली असते आणि ती खायची असते. बाजूला काढून ठेवलेली बघून शेफचा जीव तुटतो. काट्यांची भीती तुम्हाला कृष्णेच्या, घटप्रभेच्या माशांमुळं आहे. रोहू, कटला यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे सुटे बारीक काटे असतात, ते कितीही जपलं तरी घशात जातात. चोणक, तांबोसा, पापलेट, सुरमई यांच्या मांसात तसले काटे नसतात. मधला कणा आणि पोटाकडचे थोडे सोडले तर मासा स्वच्छ. अख्खा मासा आला तर वरची बाजू कण्यापासून दोन्हीकडं सरकवून खा, मग शेपटीकडून कणा अलगद उचला, तो सगळा निघून येतो. मासा उलटवायचा नाही. हे जमत नसेल तर वेटरला सांगा. ते त्यांचं काम आहे आणि ते आवडीनं करतात.

टूना किंवा बांगडा तोंडात मिरी लागल्यासारखा झोंबला तर तिथंच थांबा. असे मासे उन्हात राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. चांगल्या ठिकाणी हे सहसा घडत नाही, पण माहीत असलेलं बरं.

गोडात बेबिंक असेल तर घ्या. अंडं, नारळाचं दूध आणि तूप यांचे थर एकेक करून भाजायला अर्धा दिवस जातो, आणि कुंदा खाऊन मोठ्या झालेल्या आपल्या माणसांना त्याचा खरपूस गोडवा लगेच पटतो.

काटे-चमच्यांचं फार मनावर घेऊ नका. बाहेरच्या बाजूला ठेवलेलं आधी, प्रत्येक कोर्सला आत सरकत यायचं. बोथट, रुंद सुरी दिसली तर ती माशाची. कापायला नाही, मांस काट्यावरून सरकवायला. खाणं चालू असेल तर काटा-सुरी ताटलीत वेगवेगळ्या ठेवा, झालं असेल तर शेजारी-शेजारी समांतर ठेवा. वेटर एवढंच बघतो. आणि कुठल्याही क्षणी हातानं खावंसं वाटलं तर खुशाल खा. माशाचा काटा बोटाला जितका कळतो तितका स्टीलला कळत नाही.

टेबल कुठं घ्यायचं? फोटोत वाळूवरचं टेबल छान दिसतं. मी व्हरांड्यातलं सांगतो. उघड्यावर वारा लागला की पातळ मासा दोन मिनिटांत थंड होतो, सासूबाईंना अंधारात वाळूत चालणं अवघड जातं, आणि ताटलीत काय आहे ते दिसत नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. त्याआधी वाळूवर हिंडून या, आणि साडेसातचं टेबल घ्या. नऊचं घेतलंत तर बारा वाजतील. त्या दिवशी दुपारी वाटेत थाळी दिसली तरी मोह आवरा. पेज किंवा थोडा वरण-भात पुरे. ताटली आली की फोटो एकच काढा आणि खायला लागा. सगळ्यांच्या ताटल्या एकदम ठेवतात ते सगळ्यांनी गरम खावं म्हणूनच.

दारू घ्यावीच लागते असं अजिबात नाही. 'वाईन पेअरिंग' म्हणून प्रत्येक कोर्सला वेगळा ग्लास सुचवतील, ते ऐच्छिक आणि वेगळ्या पैशाचं असतं. त्याऐवजी सोलकढी, कोकम सरबत, शहाळं मागा. माशाबरोबर आंबट पेय उत्तम जातं. दाजींना घ्यायची असेल तर पांढरी, कोरडी वाईन, नाशिककडची शेनिन ब्लाँ किंवा सॉविन्याँ ब्लाँ चालेल. एक ग्लास तीन तास पुरवावा. रेड वाईन माशाला नको. तिच्यातलं लोह माशाच्या चरबीशी भिडलं की तोंडात हिवस, लोखंडी चव येते. फेणी माझ्या आवडीची, पण जेवणानंतर आणि थोडी. मुक्काम तिथंच करा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवायची कायद्याची मर्यादा आहे, पण न पिताही तीन तासांच्या जेवणानंतर घाटरस्ता रात्री चढू नये.

सासूबाईंच्या शुगरचं एक सांगायचं राहिलं, आणि हे हॉटेलवाले सांगत नाहीत. अशा जेवणात पहिला तास-दीड तास भात-भाकरीसारखं पिष्टमय काही पोटात जात नाही. नुसता मासा, सूप, चार पानं. त्यांनी नेहमीच्या सवयीनं जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर मध्येच साखर उतरू शकते. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा की औषध कधी घ्यायचं. टेबलावर मात्र पाव त्यांच्या हाताशी ठेवा आणि पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असू द्या. युरिक अॅसिडचा त्रास असेल तर कोळंबी-शिणाण्यांचा कोर्स बदलून साधा मासा घ्यायला सांगा. त्यांना सातही कोर्स पेलणार नाहीत असं वाटलं तर चार कोर्सचं विचारा. बऱ्याच ठिकाणी देतात.

पैशांचं मुलाला सांगा. माणशी दर सांगतात तो करासकट की कराशिवाय, हे लेखी घ्यावं. खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागतो, एरवी ५ टक्के. उदाहरणादाखल माणशी ५,००० धरले तर पाच जणांचे २५,००० आणि त्यावर ४,५०० कर. त्याखाली सेवाशुल्क लावलेलं असेल तर ते देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. शुल्क काढायला सांगून, सेवा आवडली असेल तर वेटरच्या हातात रोख टीप द्यावी, हे मला जास्त रास्त वाटतं. ती थेट पोचते. त्या पोरांत निपाणी, खानापूर, चंदगडची पोरं बरीच असतात, मराठीत बोललात तर जेवणाची माहिती दुप्पट मिळेल.